पोकळीचा नकाशा

वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसापट्टा वरोऱ्यापासून सुरू होतो आणि भद्रावती, माजरी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर असा दक्षिणेकडे उतरत जातो. नदीच्या पलीकडच्या काठाला वणी आणि राजुरा हे त्याचेच भाग. नागपूरच्या उत्तरेला कामठी-सावनेरचा पट्टा आहे आणि आग्नेयेला उमरेडचा. महाराष्ट्रात निघणारा सगळा कोळसा विदर्भातल्या या पट्ट्यांतून येतो. दिल्लीहून चेन्नईला जाणारी गाडी ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, नागपूर ओलांडून सेवाग्रामच्या पुढे वळते, तेव्हा ती या पट्ट्याच्या अंगावरूनच धावत असते. हिंगणघाट, वरोरा, भांदक, चंद्रपूर, बल्लारशा ही स्थानके आज देशाच्या मुख्य उत्तर-दक्षिण लोहमार्गावर आहेत. या मार्गाचा वर्धा ते वरोरा हा तुकडा मात्र कोळसा बाहेर काढण्यासाठी टाकलेला फाटा होता. पुढे तो बल्लारशापर्यंत वाढला आणि 1920च्या दशकाच्या अखेरीस काझीपेठला जोडला गेल्यावर मुख्य मार्ग झाला. फाटा ज्या खाणीसाठी टाकला ती वरोऱ्याची खाण त्याआधीच बंद पडली होती.

हा कोळसा सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचा, पर्मियन काळातला आहे. ज्या खडकांत तो सापडतो त्या थरांना बराकर म्हणतात. हे नाव बंगाल-बिहारकडच्या नदीवरून पडले. त्यावर बसलेल्या वालुकाश्माचे नाव मात्र विदर्भाचे आहे: कामठी थर. या साऱ्या खडकसमूहाला मिळालेले ‘गोंडवन’ हे नाव भूशास्त्रज्ञ मेडलिकॉट यांनी 1870च्या दशकात गोंड राजांच्या मुलखावरून घेतले. पुढे एडवर्ड स्यूस यांनी दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला गोंडवनलँड म्हटले आणि चांदा (आजचे चंद्रपूर) आणि देवगड इथल्या गोंडांचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

नागपूर भागातील या खडकांचा पहिला चिकित्सक अभ्यास एका पाद्र्याने केला. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले. धर्मप्रसार आणि शाळा सांभाळून उरलेल्या वेळात ते खडक फोडत. कामठी आणि आसपासच्या वालुकाश्मांतून त्यांनी गोळा केलेल्या पानांच्या ठशांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी 1861 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यांतले बरेचसे ठसे ग्लॉसोप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांच्या वनस्पतीचे होते. कोळसा ज्या दलदलीतल्या जंगलाचा झाला त्यातली ही प्रमुख वनस्पती. हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, नागपूरकरांच्या तोंडी ते नाव रोजचे आहे. पण ते कोळशाच्या इतिहासातलेही नाव आहे, हे शहरातल्या फारशा कुणाच्या ध्यानात नसते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी 1877 मध्ये वर्धा खोऱ्याच्या कोळशावर सविस्तर ग्रंथ लिहिला. या पट्ट्यातील कोणत्याही खाणीच्या इतिहासाचा तो आजही आरंभबिंदू आहे.

वरोऱ्याची खाण सरकारने 1870च्या दशकाच्या आरंभी सुरू केली. तोपर्यंत मध्य भारतातल्या रेल्वेला लागणारा कोळसा एकतर बंगालहून किंवा थेट इंग्लंडहून मुंबई बंदरात उतरून येई, आणि वाहतुकीचाच खर्च इतका पडे की इंजिनांत लाकूड जाळणे परवडत असे. वरोऱ्याच्या कोळशाने हे गणित बदलले. तो उत्तम प्रतीचा नव्हता. वर्धा खोऱ्याच्या कोळशात ओल जास्त असते, ढिगात साठवला तर तो आतल्या आत तापतो आणि आपोआप पेटतो. बंगालमधल्या राणीगंजच्या कोळशापुढे त्याची किंमत कमीच होती, पण तो जवळ होता. खाणीबरोबर निघणाऱ्या अग्निरोधक मातीच्या विटा आणि कौले करण्याचा कारखानाही तिथे उभा राहिला. पस्तीसेक वर्षे चालून 1906 मध्ये ही खाण बंद झाली आणि सरकारचे लक्ष बल्लारपूरच्या नव्या खाणीकडे वळले. आज वरोरा म्हटले की आनंदवन आठवते. बाबा आमटे यांनी ते उभारण्याच्या जवळपास पंचेचाळीस वर्षे आधीपर्यंत हे गाव मध्य प्रांतातल्या कोळशाचे केंद्र होते, ही ओळख पुसली गेली आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांद्याच्या आसपास खाणी वाढल्या: बल्लारपूर, घुग्घुस, महाकाली, लालपेठ, रयतवारी, आणि वणी तालुक्यात राजूर. नदीपलीकडे सास्तीचा कोळसा होता. राजुरा तालुका तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे एकाच थराचा कोळसा दोन राजवटींत वाटला गेलेला होता, आणि त्यामुळे त्याची कागदपत्रेही दोन ठिकाणी विभागली गेली. नागपूर आणि चंद्रपूरच्या अभिलेखांत सास्ती शोधणाऱ्याच्या हाती थोडेच लागते. तिचा आरंभीचा इतिहास हैदराबादेत शोधावा लागतो. उत्तरेला छिंदवाड्याच्या पेंच खोऱ्यात शॉ वॉलेससारख्या कंपन्यांच्या खाणी होत्या. हा मुलूखही एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा, आणि आजही त्याच्या खाणींचा कारभार नागपुरातूनच चालतो.

या खाणी बहुतेक भूमिगत होत्या. जमिनीत सरळ उतरणाऱ्या विहिरीसारख्या वाटेला कामगार ‘पिट’ म्हणतात आणि तिरप्या उतरणाऱ्या बोगद्याला ‘इनक्लाइन’. खाली थरात पोचले की आडव्या-उभ्या गल्ल्या काढत जायचे आणि त्यांच्या मधे कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून ठेवायचे. वरून पाहिले असते तर गल्ल्या-चौकांच्या आखीव शहरासारखे ते दिसले असते. पुढे नियमांनी गल्लीची रुंदी जास्तीत जास्त 4.8 मीटर आणि उंची 3 मीटर ठरवली. वर्धा खोऱ्यातला मुख्य थर कित्येक ठिकाणी 15 मीटरच्या घरात जाड असल्यामुळे या पद्धतीत थराचा एखादा पट्टाच हाती लागे. उरलेला कोळसा खांबांत, छतात आणि तळात राहून जाई. नंतरच्या टप्प्यात खांबही काढून घेत आणि मागे छत कोसळू देत. त्या कोसळलेल्या भागाला ‘गोफ’ म्हणतात. वर वस्ती, नदी किंवा रेल्वे असेल तर पोकळी नदीची वाळू पाण्याबरोबर आत सोडून भरावी लागते.

खाणकामगार छताची परीक्षा कानाने करी. मायनिंग सरदार काठीने छत ठोकून पाही; आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला की खालची माणसे हलवायची. लाकडी टेकूवर अनुभवी माणसाचा लोखंडापेक्षा जास्त भरवसा असे, कारण लाकूड मोडण्याआधी कुरकुरते आणि पळायला वेळ देते. सरदार, ओव्हरमन, टिंबरमन, टबात कोळसा भरणारे लोडर, टब ढकलणारे ट्रॅमर, दोर ओढणाऱ्या हॉलेजवरचा माणूस, दिव्यांच्या खोलीतला बत्तीवाला – ही उतरंड प्रत्येक कोलरीत, म्हणजे कोळसाखाणीत, सारखी होती आणि बोलीही. छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार इथून आलेले मजूर आणि आसपासच्या खेड्यांतले लोक एकत्र राबत असल्याने चांद्याच्या कोलरीत मराठी, हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी यांची मिसळ तयार झाली. इंग्रजी शब्द तर त्यात इतके मुरले की ते इंग्रजी आहेत हेच कुणाच्या मनात येत नाही. या बोलीचा कोश अद्याप झालेला नाही. खाणीच्या वारशातली सर्वांत लवकर नष्ट होणारी गोष्ट हीच आहे, कारण भूमिगत खाणीत उमेदीची वर्षे घालवलेली पिढी निवृत्त होऊन दोन दशके उलटली आहेत.

आरंभीच्या खाणींत नवरा-बायको जोडीने काम करीत. पुरुषाने कोळसा कापायचा, बाईने तो टोपलीतून टबापर्यंत वाहायचा. 1929च्या नियमांनी स्त्रियांना भूमिगत खाणीतून टप्प्याटप्प्याने बाहेर काढण्यास सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागताच 1943 मध्ये सरकारने ही बंदी उठवली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. त्या निर्णयावर कायदेमंडळात टीका झाली आणि ती त्यांनाच झेलावी लागली. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या खाणीत उतरले. पुढच्या वर्षीच्या आरंभी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्यातून दवाखाने, घरे, खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरे यांसाठी पैसा उभा राहिला. 1946 मध्ये स्त्रियांवरची बंदी पुन्हा आली. नंतर 1952च्या खाण कायद्यानेही ती कायम ठेवली आणि 2019 मध्ये काही कामांपुरती ती सैल झाली. कोळसापट्ट्यांतल्या दवाखान्यांचा आणि वसाहतींचा इतिहास या निधीपर्यंत मागे जातो. आंबेडकरी चळवळीच्या स्मारकांत खाणीचे हे प्रकरण मात्र क्वचितच दिसते.

1973 मध्ये खासगी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. 1975 मध्ये कोल इंडिया आणि तिच्या छत्राखाली नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे ‘वेकोलि’, स्थापन झाली. विदर्भाबरोबर पेंच, कन्हान आणि पाथाखेडा हे मध्य प्रदेशातले भागही तिच्याकडे आले. 1980च्या दशकात चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, त्याची भूक मोठी होती, आणि भूमिगत गल्ल्यांतून हळूहळू निघणारा कोळसा तिला पुरणारा नव्हता. खुल्या खाणींचा काळ आला. जमिनीवरचा माती-दगडाचा सगळा थर उचलून बाजूला टाकायचा आणि कोळसा उघड्यावर खणायचा. 2023-24 मध्ये वेकोलिने 6.9 कोटी टनांच्या आसपास कोळसा काढला, त्यात खुल्या खाणींचा वाटा प्रचंड आहे. उचललेल्या मातीचे डोंगर, ज्यांना सगळे ‘ओबी’ म्हणतात, घुग्घुस आणि सास्तीच्या क्षितिजावर उभे आहेत.

वारशाच्या दृष्टीने या बदलाचा परिणाम विलक्षण आहे. जुन्या भूमिगत खाणीत खांबांच्या रूपाने शिल्लक राहिलेला कोळसा आता खुल्या खाणीने परवडतो. त्यामुळे वरून खणत खणत यंत्रे जुन्या गल्ल्यांपर्यंत पोचतात आणि त्या खांबांसकट उचलून नेतात. वेकोलिच्या प्रकल्पांच्या नावांतच हे लिहिलेले असते: ‘इंदर यूजी टू ओसी’, म्हणजे भूमिगताची खुली केलेली. सास्तीच्या भूमिगत खाणीच्या जागी धोपटाळा प्रकल्प आहे. दुसऱ्या कोणत्याही उद्योगाचे जुने अवशेष दुर्लक्षाने पडतात. इथे उद्योग चालू राहिल्यानेच त्याचा भूतकाळ नाहीसा होतो. गल्लीची भिंत हाच माल असतो. खांबावर कुदळीच्या खुणा असोत की शंभर वर्षांपूर्वीच्या हाताने काढलेला एखादा गुळगुळीत कोपरा, तो संध्याकाळी वॅगनमध्ये असतो आणि दोन दिवसांत वीजकेंद्राच्या भट्टीत.

म्हणून खाणीचा वारसा जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न मंदिर किंवा वाड्यापेक्षा वेगळा ठरतो. वाडा ही बांधलेली वस्तू असते. खाण ही काढून घेतलेल्या वस्तूची उरलेली जागा असते. ही जागा कुठे आहे, किती खोल आहे, तिचा आकार कसा आहे, हे एकाच गोष्टीत टिकते: खाणीच्या नकाशात. सर्वेअरने थिओडोलाइटने मोजून कापडावर शाईने काढलेला तो मोठा कागद हा खाणीच्या इतिहासाचा पहिला दस्तऐवज आहे. आणि तो केवळ इतिहासाचा नाही.

पेंच खोऱ्यातील न्यूटन चिखली खाणीत 10 डिसेंबर 1954 रोजी पाणी घुसून साठाहून अधिक कामगार बुडाले. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाण्याचा लोंढा येऊन 375 जण मृत्युमुखी पडले. चासनालाच्या वर जुन्या खाणीत पाणी साचलेले होते. मधली कोळशाची भिंत किती उरली आहे हे ठाऊक असणे हाच अशा ठिकाणी जगण्या-मरण्याचा मुद्दा असतो, आणि ते कळण्याचा मार्ग म्हणजे अचूक जुना नकाशा. याच कारणाने भारतीय नियमांत जुन्या, सोडून दिलेल्या खाणीपासून 60 मीटरच्या आत काम करायचे तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची आगाऊ परवानगी लागते आणि पुढे छिद्रे पाडत, चाचपत जावे लागते. खाण सोडताना अखेरचा नकाशा सादर करण्याचे बंधनही त्यासाठीच आहे. पण ब्रिटिश भारतात लागू झालेला पहिला खाण कायदा 1901 चा. त्याआधीच्या तीन दशकांतल्या कामांचे, आणि कायद्यानंतरही निष्काळजी खासगी मालकांच्या कामांचे, जे नकाशे हरवले ते हरवलेच.

ही गोष्ट जमिनीवरच्या माणसांपर्यंतही येते. 26 ऑगस्ट 2022 रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. हादरा जाणवताच घरातली माणसे बाहेर धावली म्हणून वाचली; आजूबाजूची अनेक कुटुंबे तातडीने हलवावी लागली. वस्तीच्या पोटात जुन्या भूमिगत खाणी होत्या. पुरातत्त्वाचा विषय आणि आपत्ती व्यवस्थापनाचा विषय यांच्यात एरवी जे अंतर मानले जाते ते इथे उरत नाही.

विदर्भाच्या बाजूने एक मोठी सोय आहे. या इतिहासाच्या जवळजवळ सगळ्या किल्ल्या एकाच शहरात आहेत. वेकोलिचे मुख्यालय, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय, कोल इंडियाच्या नियोजन संस्थेची (सीएमपीडीआय) प्रादेशिक संस्था, खाण सुरक्षा महासंचालनालयाचे विभागीय कार्यालय, मध्य प्रांताचे जुने दप्तर सांभाळणारे राज्य पुराभिलेखागार आणि ‘अजब बंगला’ म्हणून ओळखले जाणारे मध्यवर्ती संग्रहालय – सगळी नागपुरात. तरीही एकाच जागी बसून वरोऱ्याच्या खाणीचा नकाशा, तिथला जीवाश्म, कामगारांच्या हजेरीचे पुस्तक आणि रेल्वेचा करार पाहता येईल अशी सोय नाही. प्रत्येक संस्था आपल्या कामापुरते जपते. अभियंत्याला नकाशा हवा, भूवैज्ञानिकाला खडक हवा, अभिलेखागाराला फाइल हवी. बत्तीवाल्याचा पितळी बिल्ला कुणाच्याच यादीत बसत नाही.

अशी विखुरलेली सामग्री एका छताखाली आणण्याचे काम मराठी माणसाने एकदा करून दाखवले आहे, ते याच लोहमार्गाच्या उत्तरेकडच्या ग्वाल्हेरमध्ये. शिंदे सरकारने 1913 मध्ये पुरातत्त्व खाते सुरू केले आणि ते मो. ब. गर्दे यांच्या हाती दिले. संस्थानभर शेतांत, पारांवर, पडक्या देवळांत विखुरलेली शिल्पे आणि शिलालेख गर्द्यांनी नोंदवले, छायाचित्रे काढली, दरवर्षी अहवाल छापले. मग किल्ल्याच्या पायथ्याशी, किला गेटमधून आत शिरताच लागणाऱ्या मानसिंह तोमराच्या गुजरी महालात 1920च्या सुमारास संग्रहालय मांडले. पवाया, बेसनगर, ग्यारसपूर इथले तुकडे तिथे शेजारी शेजारी आले, तेव्हा त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध दिसू लागला. गर्द्यांच्या कामात संग्रहालयाच्या इमारतीइतकेच महत्त्वाचे होते ते वार्षिक अहवाल. आधी नोंद, मग हलवणे, मग मांडणी, हा त्यांचा क्रम होता. कोळशाच्या बाबतीत यातली मधली पायरी अशक्य आहे, गल्ली उचलून आणता येत नाही. तेवढ्याने नोंदीचे वजन आणखी वाढते.

परदेशांत यासाठी निरनिराळ्या वाटा निघाल्या. वेल्समधील बिग पिट ही खाण 1980 मध्ये बंद पडली आणि 1983 मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. पाहुण्यांना पाळण्यातून सुमारे 90 मीटर खाली नेतात, वाटाड्ये पूर्वीचे खाणकामगार असतात, आणि कायदा तिला आजही खाणच मानत असल्याने घड्याळे आणि फोन वरच ठेवावे लागतात. जर्मनीतील झोलव्हेराइन खाणीच्या वास्तू 2001 पासून जागतिक वारसायादीत आहेत. विदर्भाला सर्वांत जवळचे उदाहरण इंडोनेशियातील सावाहलुंतोचे ठरावे. डच सरकारने सुमात्रात ओंबिलिनची खाण काढली, तिथला कोळसा बंदरापर्यंत नेण्यासाठी डोंगरातून रेल्वे टाकली. खाण, गाव आणि रेल्वे मिळून 2019 मध्ये वारसा ठरले. वसाहतकाळातली सरकारी खाण आणि तिच्यासाठी टाकलेला लोहमार्ग, हे वर्णन वरोऱ्यालाही लागू पडते. फरक इतका की सावाहलुंतोत वेठबिगार कैद्यांच्या बोगद्यालाही वारशात जागा मिळाली.

महाराष्ट्रात या दिशेचे पाऊल नागपूरजवळच्या सावनेरमध्ये पडले. वेकोलि आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी 2016 मध्ये तिथे खाण पर्यटन सुरू केले. बागेत खाणीची प्रतिकृती आहे, यंत्रे मांडली आहेत, आणि प्रत्यक्ष भूमिगत खाण पाहण्याचीही सोय केली गेली. शाळांच्या सहली येतात. मुलांना हेल्मेट आणि कॅप लॅम्प घालून अंधारात उतरण्याची गंमत वाटते, आणि ती खरीच असते. सावनेरची मांडणी आजची खाण दाखवते. त्यात कालच्या खाणीला जागा कमी आहे. वेकोलिनेच पाटणसावंगीत खाणीतले पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत भरले, ओबीतून वाळू काढून घरकुलांना दिली. खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा उपयोग शोधणाऱ्या व्यवस्थेला जुन्या नकाशांच्या कपाटाचा सार्वजनिक उपयोगही शोधता येण्यासारखा आहे. खाण बंद करण्याच्या सरकारी मार्गदर्शक सूचना 2009 पासून लागू आहेत आणि त्यासाठी खाण चालू असतानाच पैसे वेगळे ठेवावे लागतात. त्यांचा मुख्य भर सुरक्षेवर, जमिनीवर, पाण्यावर आणि झाडांवर आहे.

खर्चाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त काम नकाशांचे आहे. जुने कापडी नकाशे उच्च प्रतीच्या यंत्रावर उतरवून आजच्या उपग्रह नकाशावर बसवले की घुग्घुस, लालपेठ, बल्लारपूर या गावांखालची पोकळी कुठून कुठवर आहे हे ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला बांधकामाची परवानगी देण्याआधी पाहता येईल. दुसरे काम माणसांचे. निवृत्त सरदार आणि ओव्हरमन, लोडरांच्या विधवा, कोलरीतल्या शाळांचे शिक्षक, कामगार संघटनांचे जुने कार्यकर्ते यांच्या मुलाखती चार भाषांत घ्याव्या लागतील. चांद्याच्या कोलरीचा इतिहास एका भाषेत सांगून पुरा होत नाही. तिसरे काम वस्तूंचे: सेफ्टी लॅम्प, बिल्ले, टब, हाताने चालवायचे ड्रिल, पगाराच्या पावत्या, सायरन. भंगाराच्या लिलावात यांतले बरेचसे किलोवर विकले जाते.

वरोरा स्थानकावरून जाणाऱ्या मालगाड्यांत आजही कोळसा असतो. तो वरोऱ्याच्या त्या जुन्या खाणीतला नसतो.